सिंगापूर ते न्यूअर्क, १५,३४४ किलोमीटर एका दमात: आईसोबत केलेल्या एसक्यू २२ चा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं, आज मुहूर्त लागला. मी सिंगापूरला राहते, माहेर सांगलीचं, धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनला. तिचं पहिलंच बाळंतपण, त्यामुळे आई जाणार हे ठरलेलंच होतं, पण ६८ वर्षांच्या आईला एकटीने पाठवायला मन धजेना. मग ठरलं की आई आधी माझ्याकडे येईल, महिनाभर राहील आणि मग आम्ही दोघी मिळून सिंगापूरहून जाऊ. आणि सिंगापूरहून न्यू जर्सीला जायचं म्हणजे जगातल्या सगळ्यात लांब नॉनस्टॉप फ्लाइट्सपैकी एक समोर असते, सिंगापूर एअरलाइन्सची एसक्यू २२, सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला.

आता खरं सांगायचं तर तिकीट काढायच्या आधी पंधरा दिवस मी फक्त आकडेच बघत होते. गूगलवर दोन एअरपोर्टमधलं अंतर टाकलं की ढीगभर साइट येतात, एक सांगते ९,५३४ मैल, दुसरी सांगते ८,२८५ मैल, मी म्हटलं हे काय, बाराशे मैलांचा फरक कसा पडेल. मग लक्षात आलं की पहिले आपले साधे मैल आणि दुसरे सागरी मैल, विमानवाले आणि जहाजवाले वापरतात ते, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दोन्हीचे किलोमीटर केले की उत्तर एकच, १५,३४४. त्यामुळे कुणी अंतर बघत असाल तर आधी एकक बघा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरा गोंधळ वेळेचा. या साइट 'फ्लाइट टाइम' म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा नुसता भागाकार असतो, अंतर भागिले ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटर आणि वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास. त्यात वारा नसतो. आणि लांबच्या प्रवासात वारा हाच खरा मालक आहे. मुंबई-लंडनचंच बघा ना, अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, जातानाही तेवढंच आणि येतानाही तेवढंच, तरी जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना तास-दीड तास कमी, कारण वरती दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते. नुसत्या भागाकाराने दोन्हीचं उत्तर एकच येणार, आणि आपण एअरपोर्टवर घ्यायला येणाऱ्याला चुकीची वेळ सांगून बसणार.

माझ्या लेकाकडे पृथ्वीचा गोल आहे, आणि आई बाळासाठी स्वेटर विणत होती, तर एका संध्याकाळी आम्ही तिच्याच लोकरीचा धागा घेतला, एक टोक सिंगापूरवर दाबलं, दुसरं न्यूयॉर्कच्या बाजूला आणि ताणून धरला. धागा कुठून गेला माहितीये? सरळ वरून, उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून! सिंगापूर साधारण १०४ अंश पूर्वेला आणि न्यूअर्क ७४ अंश पश्चिमेला, बेरीज केली तर १७८, म्हणजे दोन्ही गावं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता पृथ्वीच्या माथ्यावरून जातो. ते १५,३४४ किलोमीटर म्हणजे हा धागा. आईने तो धागा दोनदा ताणून बघितला आणि म्हणाली, "अगं, मग नकाशात एवढं लांबचं का दाखवतात?" भिंतीवरचा नकाशा सपाट असतो म्हणून.

पण गंमत ही की विमान या धाग्यावरून जातच नाही. आमचं विमान तैवान, मग जपानच्या बाजूने, पुढे सगळा पॅसिफिक ओलांडून अलास्काच्या खालून अमेरिकेत शिरलं. हा रस्ता धाग्यापेक्षा हजारभर किलोमीटर तरी लांब पडतो, प्रत्यक्ष उड्डाण साडेसोळा हजार किलोमीटरच्या आसपास जातं, तरी तो घेतात कारण त्या बाजूने पाठीमागून वारा मिळतो. समोरच्या स्क्रीनवर मी बघत होते, जपान सोडल्यावर जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर गेला होता, आणि विमानाचा स्वतःचा वेग असतो नऊशेच्या आसपास. एअर इंडियाने हेच २०१६ मध्ये केलं होतं, दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिकवरून नेण्याऐवजी पॅसिफिकवरून न्यायला लागले, रस्ता लांबला पण वेळ वाचला. लांबचा रस्ता लवकरचा असू शकतो हे कुठलीही अंतर मोजणारी साइट सांगत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

आता विमानाबद्दल. एअरबस ए३५०-९०० यूएलआर, यूएलआर म्हणजे खास अतिलांब पल्ल्यासाठी केलेलं. साध्या ए३५०-९०० मध्ये १,४१,००० लिटर इंधन मावतं, यात १,६५,००० लिटर, आणि वजन आटोक्यात राहावं म्हणून पुढचा सामानाचा कप्पा बंदच ठेवलेला असतो. माणसंही कमी, फक्त १६१ सीट, त्यातल्या ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे बिझनेस आणि इकॉनॉमीच्या मधला वर्ग. इकॉनॉमी नाहीच. हे तिकीट शोधणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्या, कारण मला एका तिकीट एजंटने "इकॉनॉमी फुल झाली आहे, एक थांब्याचं घ्या" असं सांगितलं होतं, जी इकॉनॉमी त्या विमानात नाहीच ती फुल कशी होईल. तेव्हा सीटचा नकाशा स्वतः उघडून बघा.

ही फ्लाइट तशी जुनी आहे. २००४ मध्ये पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा चार इंजिनांचं ए३४०-५०० होतं, मग काही वर्षं नुसत्या १०० बिझनेस सीट ठेवून चालवली, पण चार इंजिनं म्हणजे इंधनाचा खर्च अफाट आणि २०१३ मध्ये बंद केली. मग पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, या दोन इंजिनांच्या ए३५० ने परत सुरू केली. आता न्यूयॉर्कच्या जेएफकेलाही जाते, त्याचं अंतर १५,३४९, म्हणजे न्यूअर्कपेक्षा फक्त पाच किलोमीटर जास्त. पाच किलोमीटरमुळे ती जगातली सगळ्यात लांब म्हणतात आणि आमची दुसरी. पण कुणाचं घर एडिसन, इझलिन, प्रिन्सटनच्या बाजूला असेल तर डोळे मिटून न्यूअर्कच घ्या, बहिणीचा नवरा पाऊण तासात घरी घेऊन आला, जेएफकेहून सकाळच्या ट्रॅफिकमध्ये पूर्ण न्यूयॉर्क ओलांडत बसण्यात काही अर्थ नाही.

भाडं महाग आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. एक थांबा घेऊन जाणाऱ्या इकॉनॉमीपेक्षा आम्हाला दीडपटीहून जास्त पडलं, दोघींचं मिळून बघितल्यावर नवरा दोन मिनिटं गप्प बसला होता. तरी मी घेतलं, कारण चार वर्षांपूर्वी मी एकटी बहिणीकडे गेले होते ते दुसऱ्या एका कंपनीने, मध्ये एक थांबा, कागदावर दोन तासांचा. पहिलं विमानच पन्नास मिनिटं उशिरा आलं, मग त्या अनोळखी एअरपोर्टवर ट्रेन पकडून दुसऱ्या टर्मिनलला, परत सिक्युरिटी, परत बूट काढा, पळत पळत गेटवर पोचले तर गेट बंद. अकरा तास खुर्चीवर काढले. तेव्हा मी चाळिशीच्या आत होते आणि तरी मला रडू आलं होतं. ते आईच्या वाट्याला येऊ द्यायचं नव्हतं. आईला गुडघ्याचा त्रास आहे, बीपीची गोळी आहे, आणि मुख्य म्हणजे तिला इंग्रजी वाचता येतं पण घाईत बोललेलं कळत नाही. नॉनस्टॉपने वेळ किती वाचतो तर चार-सहा तास, पण माझ्या दृष्टीने पैसे त्या तासांचे नाहीतच, मधल्या एअरपोर्टची धावपळ वाचते त्याचे आहेत.

सीट प्रीमियम इकॉनॉमीची, दोन-चार-दोन अशी रांग, पुढच्या सीटपर्यंत ३८ इंचाची जागा, पायाखाली टेकू. आणि एक गोष्ट जी मला कुणीतरी आधी सांगितली म्हणून मी कायम ऋणी राहीन: शेवटच्या तीन रांगांत, ४० ते ४२, विमान निमुळतं होतं त्यामुळे खिडकीशी दोनाऐवजी एकच सीट आहे. शेजारी कुणी नाही, बाजूला सामान ठेवायला कप्पा. आईला ४१ ची खिडकी घेतली आणि मी मधल्या चारातली तिच्या बाजूची, मध्ये फक्त चालायची वाट. तिला उठायचं असेल तेव्हा कुणालाही "एक्सक्यूज मी" म्हणावं लागलं नाही, साडेअठरा तासांत ती आठ-नऊ वेळा उठली असेल, पाय मोकळे केले, मागे जाऊन उभी राहिली. या सीटला थोडे पैसे जास्त पडतात, द्या. आईवडिलांना नेत असाल तर नक्की द्या.

अजून एक जाणवलं ते कानांना आणि घशाला. ए३५० चं बरंचसं अंग कार्बन फायबरचं असतं, त्यामुळे आतला हवेचा दाब सहा हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवता येतो, जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांच्या जवळपास असायचा, आणि हवेत ओलावाही जरा जास्त. मी आधीच्या प्रवासात उतरले तेव्हा घसा खरवडल्यासारखा झाला होता, डोकं जड, यावेळी दोघींनाही तसं झालं नाही. आवाजही कमी. पायांना सूज मात्र येतेच, तेवढा वेळ बसल्यावर येणारच, म्हणून जाण्याआधी डॉक्टरांना विचारून आईला घट्ट मोजे घेतले होते आणि दर दीड-दोन तासांनी मी तिला उठवत होते. गोळीची वेळही डॉक्टरांकडूनच लिहून घेतली होती, सिंगापूरच्या घड्याळाने किती वाजता आणि उतरल्यावर कधी. हे घरी बसून करा, विमानात हिशोब जमत नाही.

कर्मचाऱ्यांबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचंय. चढल्यावर एक मुलगी आईजवळ गुडघ्यावर बसून हळूहळू बोलली, मला न विचारता आईलाच विचारलं गरम पाणी हवं का. नंतर पूर्ण प्रवासभर दर काही वेळाने गरम पाणी येत राहिलं, सांगावं लागलं नाही. पायलट चार असतात, आळीपाळीने झोपतात, हे आईला सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, तिला आदल्या रात्रीपासून काळजी होती की एकच माणूस एवढे तास जागा कसा राहणार.

आणि आता एकादशी. तिकीट काढताना माझ्या लक्षातच आलं नाही, आईने पंचांग उघडलं आणि म्हणाली, मंगळवारी एकादशी आहे. आमचं विमान सोमवारी रात्री ११.३५ ला निघणार आणि मंगळवारी पहाटे सहाच्या सुमारास न्यूअर्कला उतरणार. वाचणाऱ्याला वाटेल सहा-साडेसहा तासांचा प्रवास, पण मध्ये साडेअठरा तास आहेत. पूर्वेकडे चाललो असल्यामुळे चार-पाच तासांतच पॅसिफिकवर सूर्य उगवला, लख्ख ऊन, तो मंगळवारचा सूर्य. मग तारखेची रेषा ओलांडली, पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते, आणि खालच्या समुद्रावर परत सोमवार झाला. सात-आठ तासांत तो अख्खा दिवस संपला, अमेरिकेच्या किनाऱ्याच्या बाजूला सूर्य मावळला, रात्र झाली, आणि न्यूअर्कला उतरताना परत मंगळवारची पहाट. आई खिडकीतून हे सगळं बघत होती, झोपली फार थोडी. तिने मला विचारलं, "मंगळवारचा सूर्य दोनदा उगवला, मग उपास कुठला धरायचा?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तिनेच ठरवलं, दोन्ही धरते. मी आधीच तिच्यासाठी फ्रूट प्लॅटर सांगून ठेवलं होतं, स्पेशल मीलमध्ये तो पर्याय असतो, हिंदू-जैन शाकाहारी पण असतात, निघायच्या निदान दोन-तीन दिवस आधी नोंदवून ठेवलेलं बरं. त्यात कलिंगड, पपई, द्राक्षं, व्यवस्थित भरपूर होतं. जोडीला तिचे राजगिऱ्याचे लाडू आणि दाण्याचे लाडू डब्यात होते, ते विमानातच संपवले. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू मोठ्या बॅगेत होते, ते उतरल्यावर फॉर्मवर आणि तोंडी दोन्हीकडे सांगितले, खाण्याचं काहीही असलं तरी सांगून टाकायचं, लपवायचं नाही. एडिसनला पोचलो तर बहिणीने वरीचा भात आणि दाण्याची आमटी करून ठेवलेली, आठव्या महिन्याच्या पोटाने उभं राहून. दोघी मायलेकी दारातच रडल्या.

घड्याळाची गोष्ट राहिली. आईच्या मनगटावर बाबांनी दिलेलं जुनं एचएमटी, काट्यांचं. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा सिंगापूर आणि न्यू जर्सीत बरोब्बर १२ तासांचा फरक पडतो, म्हणजे काट्यांचं घड्याळ हलवावंच लागत नाही. पोचलो तेव्हा सिंगापूरला जे सहा तेच न्यू जर्सीत सहा, फक्त संध्याकाळचे सकाळचे झाले. आई एवढी खूश झाली या गोष्टीवर! एडिसनमध्ये महिनाभर ती सगळ्यांना मनगट दाखवून सांगत होती.

यामुळेच एक हिशोब सोपा झाला, तोही लिहिते, कारण 'फ्लाइट टाइम' बघून लोक प्रवास ठरवतात आणि फसतात. आम्ही सोमवारी रात्री आठला घर सोडलं, मंगळवारी सकाळी सव्वाआठला बहिणीच्या दारात. घड्याळाने सव्वाबारा तास, खरे सव्वाचोवीस. त्यातले हवेत साडेअठराच्या जवळ, बाकीचे पावणेसहा तास टॅक्सी, चांगीवर चेक-इन, गेटवरची तपासणी, उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि गाडी. म्हणजे जगातल्या जवळजवळ सगळ्यात लांब फ्लाइटमध्येही प्रवासाचा चौथा हिस्सा जमिनीवरच जातो. आईसाठी व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवली होती, चांगीला टर्मिनल ३ च्या काउंटरपासून विमानाच्या दारापर्यंत आणि न्यूअर्कला दारापासून बाहेरपर्यंत. तिला आधी लाज वाटत होती, "मी काय आजारी आहे का" म्हणाली. न्यूअर्कला उतरल्यावर तिने स्वतःच खुर्ची कुठे आहे विचारलं.

कुणासाठी ही फ्लाइट नाही तेही सांगते. तरुण असाल, खिसा बघायचा असेल आणि मध्ये एखादं शहर बघायची हौस असेल तर थांबा घेऊनच जा, चार-सहा तासांसाठी एवढे पैसे घालू नका. दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर मी दोनदा विचार करेन, साडेअठरा तास बंद जागेत मुलाला मध्ये पळायला मिळालं तर बरं असतं. आणि मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांनी तर सिंगापूरला येऊन ही फ्लाइट घ्यायचं कारणच नाही, मुंबई-न्यूयॉर्कचंच अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे, तुम्ही उलट दिशेला ३,९०० किलोमीटर येऊन मग १५,३४४ जाणार. आमचं तसं झालं कारण आईला माझ्याकडे राहायचंच होतं.

मी तीन आठवड्यांनी एकटीच परत आले, एसक्यू २१, न्यूअर्कहून सकाळी निघते. यावेळी स्क्रीनवर विमान पॅसिफिककडे वळलंच नाही, अटलांटिक, मग युरोप, मग आशिया, परत पूर्वेकडेच, परत पाठीमागून वारा. घरी पोचल्यावर आईला फोनवर सांगितलं की जाताना पूर्वेकडे गेलो होतो आणि येतानाही पूर्वेकडेच आले. ती क्षणभर थांबली. बहुतेक तिच्या डोळ्यासमोर तो गोल आणि लोकरीचा धागा आला असावा. म्हणाली, "म्हणजे तुझी पृथ्वीप्रदक्षिणा झाली की गं. माझी अर्धी राहिलीय."

तिचं परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं आहे, याच फ्लाइटचं, ४१ ची खिडकी मी आत्ताच धरून ठेवलीय. तोपर्यंत अमेरिकेची घड्याळं मागे गेलेली असतील आणि फरक १३ तासांचा होईल, तेव्हा एचएमटीचा काटा एक तास हलवावा लागेल, हे तिला अजून सांगितलेलं नाही.